डाव्या कानाची उजवी प्रत

आमच्या कारखान्यात कान बनतात. बाहेरचा, चष्मा अडकवायचा कान नव्हे. त्याला आमच्याकडे झालर म्हणतात आणि त्याला कोणी विचारत नाही. आम्ही आतला बनवतो. कानशिलाचं हाड, त्यातल्या गल्ल्या, बोळ, जिने. डॉक्टरकी शिकणारी मुलं ती हाडं विकत घेतात, त्यांना भोकं पाडतात, त्यांची पार वाट लावतात आणि पुढच्या वर्षी नवीन मागवतात. जिवंत माणसांच्या बाबतीत ही सोय नसल्यामुळे आमचा धंदा चालतो.

माझं काम सगळ्यात शेवटचं. प्रिंटरमधून हाड निघतं तेव्हा त्याच्या सगळ्या पोकळ्यांमध्ये पांढरी भुकटी ठासून भरलेली असते. ती मी बारीक ब्रशने आणि मग हवेच्या पिचकारीने काढतो. म्हणजे जिथे काही नको तिथे खरंच काही नाही ना, एवढंच मी दिवसभर बघतो. आईला हे समजावून सांगितलं तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि शेजाऱ्यांना ‘तो मशीनवर असतो’ असं सांगायला सुरुवात केली.

सगळ्यात वैतागाची पोकळी म्हणजे कंठकर्णनळी. घशाच्या मागून निघून ती कानाच्या पडद्याआड उघडते. विमानात कान गच्च होतो आणि गिळल्यावर सुटतो, ती हिची करामत. घशाकडचा भाग मऊ, एरवी मिटलेला. कानाकडचा भाग मात्र हाडातच कोरलेला, आणि गंमत तिथेच आहे. पुस्तकातल्या चित्रात तो सरळ, निमुळता, सज्जन दिसतो. खऱ्या माणसांत मात्र कोणाचा तिकोनी, कोणाचा चपटा, कोणाची मध्येच कंबर गेलेली, कोणाला बाजूला एक आंधळा खिसा. शिवाय या नळीला खेटूनच मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी वर चढते. दोघींच्या मध्ये हाडाचा पापुद्रा असतो. काही जणांत तो पापुद्राही नसतो. अशा माणसाला याची कल्पना नसते. तो लग्न करतो, भांडतो, रांगेत उभा राहतो.

कारखाना मास्तरांचा. मास्तर म्हणजे मालक, कारागीर आणि चहाची वेळ ठरवणारी व्यक्ती. त्यांचे नियम थोडे, पण दगडावरची रेघ. पहिला म्हणजे फुंकर. पूर्वी कधी तरी एका नमुन्याच्या नळीत भुकटी राहिली होती आणि एका कॉलेजची अख्खी तुकडी ‘ही नळी जन्मतः बंद असते’ असं शिकून पास झाली. ते लोक आता कुठे तरी दवाखाने चालवतात. तेव्हापासून प्रत्येक हाडाच्या नळीत स्ट्रॉ लावून फुंकायचं, आणि पलीकडच्या तोंडाशी धरलेली टिश्यूची पट्टी हलली तरच माल पुढे. प्रत्येक नळीचा फुंकल्यावर वेगळा सूर लागतो. मास्तर डोळे मिटून सुरावरून आकार सांगतात.

दुसरा नियम, एकटा कान विकायचा नाही. ‘बूट आणि कान जोडीनेच जातात’, मास्तर म्हणतात. स्कॅन डाव्याचं असलं तर मशीनमध्ये फाइल आरशासारखी उलटवायची, की उजवा तयार. आणि एखादा आकार दुर्मीळ निघाला तर तो पुसणाऱ्याने त्याला नाव ठेवायचं. नाव ठेवलेला आकार पुढच्या कपाटात मानाने बसतो. आमच्याकडे ‘सुरई’ आहे, ‘मामाची नाकपुडी’ आहे, ‘शेवटची सवलत’ आहे. शेवटचं नाव मी ठेवलेलं.

आता ताई. ताई माझ्याहून मोठी आणि तिचा धंदा आवाजाचा. ‘दरवाजे बंद होत आहेत. कृपया दरवाज्याला टेकू नका.’ हे तुम्ही एखाद्या लिफ्टमध्ये ऐकलं असेल तर ती ताई. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्येही तीच आहे. लहानपणापासून ती मला ‘टेकू नकोस, नीट उभा राहा’ म्हणत आली. मोठेपणी त्याचं तिला मानधन मिळू लागलं एवढंच. मला ती भोंग्या म्हणते. जन्मलो तेव्हा फार ओरडलो होतो म्हणे. कोण ओरडत नाही?

मध्यंतरी तिला लांबलेला ताप आला. ताप गेला, जाताना बरंचसं वजन घेऊन गेला, आणि डावा कान उघडा टाकून गेला. म्हणजे जी नळी मिटलेली असायला हवी ती सताड उघडी. तिचा स्वतःचा आवाज तिला पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू येऊ लागला. श्वास घेतला की कानात वादळ. गाजर खाल्लं तर खडी फोडल्यासारखं. ताईने आधी गाजर सोडलं, मग बोलणं.

फक्त डोकं खाली केलं की नळी मिटायची. हे सगळ्याच अशा रुग्णांचं होतं, औषधासारखं आहे. त्यामुळे आमच्या घरातली महत्त्वाची बोलणी ताईचे पाय भिंतीवर आणि डोकं सोफ्यावरून खाली लोंबतंय अशा अवस्थेत होऊ लागली. आई वाकून बोलायची. मी एकदा सोयीचं पडावं म्हणून शेजारी उलटा झालो तर आई म्हणाली, एक पुरे आहे.

आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. आई कायम जिन्याने जायची. ताई गप्प झाल्यापासून ती लिफ्टने जायला लागली. एकदा मी दारातून बघितलं, तर ती सामान घेऊन वर आली, दरवाजा उघडला, आणि बाहेर न पडता पुन्हा खाली गेली. मी काही विचारलं नाही. आमच्या घरात असले प्रश्न विचारले की जेवण गार होतं.

सर्जनबाई बोलायला मोकळ्या होत्या आणि कामात पक्क्या. त्यांनी ताईच्या कानाचं स्कॅन पडद्यावर लावलं, बघितलं, आणि खुर्ची पुढे ओढली. नळीचा हाडातला भाग लांब, मध्येच वर वळलेला, बाजूला खिसा, आणि रोहिणीच्या बाजूचं हाड जागेवर नाहीच. ‘इथे हाड करायचं राहून गेलंय’, त्या म्हणाल्या, एखादा शिंपी बटणाबद्दल बोलावा तसं. उपाय होता. आगकाडीच्या तुकड्याएवढं सिलिकॉनचं बूच पडद्यामागून हाडातल्या भागात बसवायचं. ताई पुन्हा उभ्याने बोलू लागेल. पण बूच वाकड्या नळीत जाताना उघड्या रोहिणीला लागलं तर मग बोलण्याचा प्रश्न उरणार नव्हता.

म्हणून त्यांना आधी नमुना हवा होता. त्यांची एक पद्धत होती. नमुन्यावर आधी मुद्दाम चुकायचं. हात कुठवर गेला की रोहिणी फाटते हे हाताला एकदा कळू द्यायचं, मग खऱ्यावर हात तिथे जात नाही. उलटं लोंबकळूनच विचार करायची सवय झालेल्या ताईला हे फार पटलं. मलाही पटलं. तेव्हा.

काम अर्थातच आमच्याकडे आलं. मास्तर म्हणाले, घरच्याचं हाड घरच्याने पुसू नये. मी का विचारलं. ते म्हणाले, असंच. एवढ्या भक्कम कारणापुढेही मी हट्ट धरला आणि त्यांनी ब्रश माझ्याकडे सरकवला.

ताईचा कान मुठीत मावत होता. दुपारभर भुकटी काढली. वळण खरंच वेगळं होतं. ब्रश दोनदा अडकला, खिसा तर पिचकारीशिवाय साफच होईना. रोहिणीच्या जागी लाल रबरी नळी ओवली. खिडकीसारख्या त्या उघड्या जागेतून लाल रबर नळीच्या आत डोकावत होतं. मग नियमाप्रमाणे स्ट्रॉ लावली. कोणी बघत नव्हतं म्हणून फुंकायच्या आधी स्ट्रॉमध्ये ताईच्याच थाटात म्हणालो, ‘कृपया दरवाज्याला टेकू नका.’ मग फुंकलो. सूर खालचा लागला, बाटलीवर फुंकल्यासारखा. पण शेवटी तो उगाच थोडा वर गेला, कोणी ‘हं?’ करावं तसा.

मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, नाव काय देतोस? वर जाणारी वळणदार नळी. मी म्हणालो, लिफ्ट. त्यांनी चिकटपट्टीवर ते लिहूनही टाकलं.

घरी पोहोचलो तर ताई सोफ्यावर उलटी होती आणि माझीच वाट बघत होती. आई आत कपडे वाळत घालत होती.

‘भोंग्या’, ताई जमिनीच्या बाजूने म्हणाली, ‘दुपारी कोणी तरी माझ्या कानात फुंकलं.’

मी म्हणालो, वारा असेल.

‘वारा आधी “कृपया दरवाज्याला टेकू नका” म्हणतो का?’

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. उलटा चेहरा वाचता येत नाही. हसतोय की नाही ते कळत नाही. ती हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही खात्री करून घेतली. मी कारखान्यातून स्ट्रॉमध्ये हळूच काही तरी बोलायचो आणि ती फोनवर टाइप करून पाठवायची. मी ‘पाणीपट्टी’ म्हणालो, तिने ‘पाणीपट्टी’ पाठवलं. मी ‘तुझं नाक बटाट्यासारखं आहे’ म्हणालो. तिने जे पाठवलं ते इथे देत नाही. मग मला सुचलं की नळीला दोन तोंडं असतात. मी नमुना माझ्या कानाला लावला.

आधी श्वास ऐकू आला. मोठा, मंद, जवळचा. मग नळ सुरू झाला, भांडं ठेवल्याचा आवाज, आणि आई. आई आमच्या स्वयंपाकघरात ताईला सांगत होती की भोंग्याला यातलं काही सांगू नकोस, तो कशाचीही मस्करी करतो. मी नमुना टेबलावर ठेवला आणि हात पुसले. हात कोरडेच होते.

घाबरलो असं म्हणणार नाही. आमच्या घरात मी गमतीचा माणूस, घाबरणं हे खातं दुसऱ्यांकडे. पण ताईचा अख्खा कान एका टेबलावर उघडा पडलाय आणि शेजारी हवेची पिचकारी, छिन्नी आणि बारीक ड्रिल ठेवलंय, एवढं मला दिसत होतं. मी सगळी हत्यारं दूर सरकवली. मग, का कोण जाणे, खिशातून मेण काढलं. आम्ही तडे बुजवायला वापरतो ते पिवळं मऊ मेण. त्याची वात वळली आणि नळीच्या हाडातल्या वळणात अलगद सारली, रोहिणीच्या खिडकीपासून लांब राहून.

लगेच फोन वाजला. ताई टाइप करते, फोन करत नाही. मी उचलला.

‘भोंग्या’, ताईचा आवाज आला, साधा, खोलीभर, लिफ्टमधल्यासारखा. ‘मी उभी आहे.’

तिच्या मागे आई नुसती नाक ओढत होती. मग ताईने आईला सांगितलं की रडतेस काय, दरवाज्याला टेकू नकोस. आणि दोघी हसल्या. मी फोन तसाच धरून उभा राहिलो. मास्तर आत आले आणि मला बघून म्हणाले, कोणी गेलं का? मी म्हणालो, नाही, आलं.

आता खरं तर काम झालं होतं. पण सर्जनबाईंचा निरोप आला, नमुना कुठे आहे? आणि मला त्यांची पद्धत आठवली. नमुन्यावर त्या मुद्दाम चुकणार होत्या. सुई त्या उघड्या खिडकीतून लाल रबरात घालणार होत्या, हाताला कळावं म्हणून. ताईला काय कळलं असतं याचा विचार मी अर्धवट सोडला.

नमुना देता येणार नव्हता, आणि का नाही ते सांगताही येणार नव्हतं. म्हणून मी त्याच फाइलवरून दुसरा कान छापला. तो भुकटीने भरलेला होता तोवर सगळं ठीक होतं. भुकटी काढून फुंकर मारली आणि फोन खणखणला. टाइप केलेला निरोप, परत उघडलं. पहिल्यातलं मेण जागच्या जागी होतं. दुसरी प्रत उघडली म्हणून ताईचा कान उघडला होता. तिच्यातही मेण घातलं, ताई पुन्हा बोलती झाली. नियम समजला. प्रती कितीही असोत, एक जरी उघडी राहिली तरी ताईचा कान उघडा.

मग मला आमच्याच धंद्यातली युक्ती सुचली. उलटवायचं. डाव्याचा उजवा करायचा. आरशातला कान हा कोणाचाच कान नसतो. तो फक्त जोडी पुरी करायला असतो. मी फाइल उलटवली, छापली, पुसली, स्ट्रॉ लावली आणि मोठ्याने म्हणालो, ‘ताई, ऐकू येतंय का?’ फोनवर ताई म्हणाली, काही नाही, एकदम शांत. मला मात्र माझंच वाक्य ऐकू आलं. अर्थात आपण बोललेलं आपल्याला ऐकू येतंच.

जाताना रस्त्याने माझे बूट फार वाजत होते. नवीन होते, म्हणून दुर्लक्ष केलं.

सर्जनबाईंची सरावाची खोली म्हणजे एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, एक दिवा आणि भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र. त्यांनी मला बसायला सांगितलं. तोंडात पेपरमिंटची गोळी होती. त्यांनी नमुना दिव्याखाली फिरवला आणि पहिलंच वाक्य, हा उजवा आहे. मी म्हणालो, मशीनने उलटवला असेल. त्या म्हणाल्या, असू दे, चुकायलाच तर बसलेय. हाताला डावं-उजवं मी नंतर समजावते. मग त्यांनी सरबताच्या डब्यातली स्ट्रॉ काढली. फुंकर मारून बघायची सवय त्यांना मास्तरांनीच लावलेली.

त्यांनी फुंकलं, आणि माझ्या उजव्या कानात, पडद्याच्या आतल्या बाजूने, थंड पेपरमिंट गेलं.

समोरचं माणूस फुंकतं तेव्हा वारा बाहेरून येतो. हा डोक्यातून बाहेर निघाला होता. ‘छान मोकळी आहे’, त्या नमुन्यावर वाकूनच म्हणाल्या. मला ते दोनदा ऐकू आलं. एकदा त्यांच्याकडून, एकदा आतून. आतलं थोडं आधी आलं.

मग मला बूट समजले. ताई आणि मी एकाच साच्यातले. तिच्या डावीकडे जे आहे ते माझ्या उजवीकडे असणार, तेच वळण, तोच खिसा, तीच हाड नसलेली खिडकी. आरशातला कान कोणाचाच नसतो, असं समजणारा माणूस कान पुसायचं काम करतो. शाब्बास.

सर्जनबाईंनी सुई घेतली. ‘आता बघ’, त्या म्हणाल्या, ‘मुद्दाम चुकते.’

सुईचं टोक आधी खिशाच्या कडेला लागलं. आपल्याला तिथे खिसा आहे हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. खोल, गालाच्या मागे कुठे तरी, एक बारीक टक. मग ती पुढे सरकली आणि एका जागी थांबली, जिथे आधार नव्हता. माझं हृदय त्या जागी ठोके देत होतं. मला ते ऐकू येत होतं, आणि सुईच्या दुसऱ्या टोकाला सर्जनबाईंचा अंगठा त्याच ठेक्यात किंचित उडत होता. त्यांनी अंगठ्याकडे बघितलं. भुवई उचलली.

‘द्या तो’, मी म्हणालो.

‘का रे?’

‘उलटा माल आमच्याकडून बाहेर जात नाही. मास्तर मला ठेवणार नाहीत.’

त्यांनी सुई बाहेर घेतली. हळूच घेतली, याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. नमुना माझ्या हातावर ठेवत त्या म्हणाल्या, चेहरा बघ, जसं काय तुझ्याच कानात घातली. मी हसलो. हसणं उजवीकडे फार मोठं ऐकू आलं.

जिन्यातच मेण घातलं. बूट गप्प झाले.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले, इतके की मला संशय यायला हवा होता. दोन डावे आणि एक उजवा असे तीन कान कापसात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवले आणि डबा आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली. आई म्हणाली, यात काय आहे? मी म्हणालो, आम्ही. तिने झाकण उघडून बघितलं, पुन्हा लावलं आणि त्यावर आणखी एक साडी ठेवली. ताईने सर्जनबाईंना उभ्याने फोन करून सांगितलं की मला बरं वाटतंय. त्या म्हणाल्या, वजन भरलं की कधी कधी आपोआप मिटतं, उत्तम, उगाच हात घालायला नको. ताई पुन्हा कामावर गेली. एका नव्या इमारतीसाठी ‘गर्दी करू नका’ हे तिने अशा सुरात म्हटलं की ऐकून मला माझीच लाज वाटली. आई पुन्हा जिन्याने जाऊ लागली.

मी या काळात सुट्टीवर होतो. उजव्या बाजूने झोपायचं धाडस होत नव्हतं आणि हे कारण रजेच्या अर्जात बसत नव्हतं, म्हणून पोटदुखी लिहिली. परत कामावर गेलो तर पुढच्या कपाटात ‘सुरई’ आणि ‘मामाची नाकपुडी’ यांच्यामध्ये एक रिकामी जागा होती. जागेखाली मास्तरांच्या अक्षरात चिकटपट्टी, ‘लिफ्ट’.

मी विचारलं, मास्तर, लिफ्ट कुठे आहे?

मास्तर चहा ओतत होते. ‘गेली.’

‘कुठे गेली?’

‘कॉलेजांना. असा आकार मी उभ्या जन्मात बघितला नाही, लेका. नाव ठेवलंस, मी त्याच फाइलवरून माल काढला. पेट्यांच्या पेट्या.’

‘डावा?’

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बूट एकेकटे विकायला निघालोय. ‘जोडीने’, ते म्हणाले.

मी विचारलं की फुंकर कोणी मारली. त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला आणि जरा ओशाळले. माझं पोट दुखत होतं, त्यांचे डोळे आता बारीक भुकटीला साथ देत नाहीत, माल अडकून पडला होता. म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला होता. भुकटी भरलेलीच ठेवून नमुने पाठवले, आणि सोबत सांगून पाठवलं की मुलांनी आपापली नळी स्वतः साफ करावी, स्वतः फुंकून बघावी. तेवढंच हाताला वळण लागेल. कुठल्या कुठल्या कॉलेजांना, ते माल पोहोचवणाऱ्या माणसाला माहीत. तो माणूस गाडी घेऊन फिरतीवर होता आणि फोन उचलत नव्हता. गाडी चालवताना फोन उचलू नये असं त्याला ताईच्याच आवाजात कुठे तरी सांगितलेलं असणार.

मी घरी आलो. ताईला सांगावं की नाही हे ठरत नव्हतं. ती जेवणाच्या टेबलाशी उन्हात बसली होती, ताठ, आणि आईला स्टुडिओतल्या माणसाची नक्कल करून दाखवत होती. तो प्रत्येक वाक्यानंतर ‘अजून थोडी माया, मॅडम, लिफ्ट आहे ती’ म्हणतो म्हणे. आई हसत होती. ताईच्या पुढ्यात गाजर होतं. ती ते खात होती. मी ठरवलं, तिचं गाजर संपू दे.

‘आणि मग तो म्हणतो’, ताई म्हणाली, आणि थांबली.

गाजर तिच्या हातात तसंच राहिलं. तिने मान किंचित डावीकडे कलती केली. आई म्हणाली, काय म्हणतो? आणि मग मलाही ऐकू आलं, उजवीकडे, आत खोल. खर्र. थांबून पुन्हा, खर्र. ब्रशचा आवाज. मी तो आवाज आयुष्यभर ऐकलाय, पण कायम ब्रशच्या बाजूने.

ब्रश धरणारं पोर नवखं होतं. वळणावर अडकलं, जोर लावला, मग सोडवून घेतलं. भुकटी सुटली तशी जागा मोकळी होत गेली, आणि मोकळ्या जागेतून एक मोठी खोली आत आली. स्टुलं सरकल्याचे आवाज, कोणाचा तरी खोकला, नळ. मग आणखी एक ब्रश. मग आणखी. किती ते मोजलं नाही.

ताई उठली. सोफ्यापाशी गेली, पाय भिंतीवर टाकले आणि डोकं खाली सोडलं. मी तिच्या शेजारी जाऊन उलटा झालो. आई दारात उभी होती. एक पुरे आहे, असं ती या वेळी म्हणाली नाही.

डोकं खाली केलं तरी मिटलं नाही. ताईने माझा हात धरला. फुंकर आली, एक, मग दुसरी, मग सगळीकडून, थंड, आणि शेवटी प्रत्येक सूर थोडा वर जात होता, ‘हं?’ करावं तसा. कोणी तरी हसलं. मग त्या खोलीत शांतता झाली आणि एका बाईंचा आवाज आला, अनोळखी, मायेने शिकवणारा.

‘सगळ्यांच्या नळ्या मोकळ्या झाल्या? छान. आता सुई घ्या. घाबरू नका, इथे चुकलात तर कोणाचं काही जात नाही.’